सोन्याचा मुलामा दिलेली बुद्धमूर्ती घरी आणताय? निवडण्यापासून पुसण्यापर्यंतचे टप्पे

धम्मयात्रेला गेलेली मंडळी लुंबिनीवरून पुढे काठमांडूला जातात, पाटणला हाताने घडवलेली सोनेरी बुद्धमूर्ती बघतात आणि घेतात, बऱ्याच वेळा साठवलेल्या पैशातून घेतात. मग वर्ष-दीड वर्षात मूर्तीचा चेहरा फिका पडतो, गुडघ्यावर तांबडं दिसायला लागतं, पाठीला हिरवे ठिपके येतात, आणि घरातले सगळे म्हणतात की दुकानदाराने फसवलं. कधी कधी फसवलेलं असतं हे खरं, पण त्याहून जास्त वेळा ते सोनं घरातच गेलेलं असतं. पितांबरीने जातं, चिंचेने जातं, लिंबू-मिठाने जातं, आणि रोज सकाळी श्रद्धेने फिरवलेल्या ओल्या फडक्याने पण जातं.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. ही मूर्ती आतून तांब्याची असते आणि वर सोन्याचा थर असतो काही मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. मूर्ती निवडायची कशी, उचलायची कुठे धरून, ठेवायची कुठे, पुसायची कशाने, या सगळ्याचं उत्तर या थराकडे बघूनच द्यायचं.

पाटण म्हणजे काठमांडूला लागून असलेलं ललितपूर, आपलं साताऱ्याचं पाटण नाही. तिथल्या ओकू बहाल आणि महाबौद्ध मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये नेवार समाजातली, त्यातही बरीचशी शाक्य घराणी, हे काम करतात. खालचं सगळं या मूर्तींना धरून लिहिलंय, धर्मशाळा किंवा लडाखमधून घेतलेल्या मुलाम्याच्या तांब्याच्या मूर्तीलाही त्यातलं बहुतेक लागू पडतं.

## टप्पा १: घरातून निघायच्या आधी

आधी जागा मोजा. टेप घ्या, कोपऱ्याची किंवा कपाटाची उंची, रुंदी, खोली तिन्ही मोजून मोबाईलमध्ये फोटोसकट ठेवा. लोक फक्त उंची मोजतात आणि मग गुडघे कपाटाच्या बाहेर येतात, कारण पद्मासनातली मूर्ती रुंदीलाही भरपूर असते आणि खालचं कमळासन अजून थोडं बाहेर येतं. वर निदान चार-पाच इंच आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच मोकळं राहिलं पाहिजे, नाहीतर ब्रश फिरवायला हात जात नाही आणि मूर्ती दर वेळी बाहेर काढावी लागते. जितक्या वेळा उचलाल तितकं सोनं झिजणार. प्रभावळ असेल तर तिची उंची वेगळी धरा.

दुसरं, कुठला बुद्ध हवा ते ठरवून जा. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पाटणचे कारागीर वज्रयान परंपरेतल्या (नेपाळ-तिबेटकडचा बौद्ध पंथ, त्यात गौतमांखेरीज इतरही बुद्ध मानतात) कितीतरी मूर्ती करतात आणि लांबून त्या सगळ्या सारख्याच वाटतात.

शाक्यमुनी म्हणजे आपले गौतम बुद्ध: उजवा हात गुडघ्यावरून खाली, बोटं जमिनीकडे (हीच भूमिस्पर्श मुद्रा), डावा हात मांडीवर, त्यात बहुधा भिक्षापात्र, अंगावर चीवर म्हणजे भिक्खूंचं वस्त्र, दागिने नाहीत. दोन्ही हात मांडीवर ध्यानात आणि त्यावर पात्र असेल तर ती बऱ्याचदा अमिताभाची मूर्ती असते. उजव्या हातात हिरड्याची डहाळी दिसली तर तो भैषज्यगुरू. डोक्यावर मुकुट, गळ्यात हार, दंडावर अलंकार असतील तर शाक्यमुनी असण्याची शक्यता कमी, विचारूनच घ्या. आसनावर पुढे किंवा तळहातावर वज्र (दोन्ही टोकांना पाकळ्यांसारखे काटे असलेलं छोटं आयुध) ठेवलेलं दिसलं तरी विचारा, कारण अक्षोभ्य नावाच्या दुसऱ्या बुद्धांची मुद्रा पण भूमिस्पर्शच असते.

आपल्याकडच्या बऱ्याच घरांत बुद्धांच्या शेजारी बाबासाहेबांचा फोटो असतो आणि समोर त्रिशरण-पंचशील म्हटलं जातं. अशा घरासाठी साधी, विनाअलंकार भूमिस्पर्श किंवा ध्यानमुद्रेतली शाक्यमुनींची मूर्ती घ्या असंच मी सांगेन. तिबेटी परंपरेत दीक्षा घेतलेली असेल तर तुमच्या गुरूंना विचारा आणि ते सांगतील तीच घ्या, दुकानात जाऊन मन बदलू नका.

तपासा: जागेची तीन मापं, मुद्रेचा एक स्पष्ट फोटो आणि जास्तीत जास्त किती खर्च करणार तो आकडा, तिन्ही लिहून झालं का?

## टप्पा २: सोनं कुठल्या पद्धतीचं आहे ते समजून घ्या

दुकानात 'गोल्ड' हा शब्द पाच वेगवेगळ्या गोष्टींना वापरतात आणि किमतीतला फरक तिथेच असतो.

१. आगीचा मुलामा. शुद्ध सोनं पाऱ्यात मिसळून मऊ लगदा करतात, तो साफ केलेल्या तांब्यावर लावतात आणि तापवतात. पारा वाफ होऊन जातो, सोनं तांब्याला घट्ट धरून राहतं, नंतर अकीकाच्या दगडाने घासून चकाकी आणतात. घरच्या मूर्तीसाठी टिकाऊ हाच.

२. इलेक्ट्रोप्लेटिंग. विजेने चढवलेलं सोनं. थर बहुतेक वेळा खूपच पातळ असतो आणि त्यावर कधी कधी पारदर्शक लॅकर मारलेलं असतं. वाईट नाही, पण किंमत आगीच्या मुलाम्याची द्यायची नाही.

३. थंड सोनं. सोन्याची पूड सरसात कालवून ब्रशने लावतात, भट्टीत घालत नाहीत. हा प्रकार नीट लक्षात ठेवा, कारण आगीचा मुलामा दिलेल्या मूर्तीचाही चेहरा बहुतेक वेळा थंड सोन्यानेच रंगवलेला असतो. चेहऱ्याला ती मऊ, न चमकणारी कांती येते ती यानेच. मग त्यावर डोळे, भुवया, ओठ रंगवतात, केस निळे करतात. यातलं काहीच पाण्याला टिकत नाही.

४. सोन्याचा वर्ख. थाई-ब्रह्मी मूर्तींवर जास्त दिसतो. बोट लागलं तरी सुटू शकतो.

५. सोनेरी रंग. यात सोनं नसतंच. यात्रेच्या ठिकाणी मिळणाऱ्या बऱ्याच रेझिनच्या मूर्ती अशा असतात. वंदनेला त्याही चालतात, श्रद्धेत काही कमी पडत नाही, पण पैसे रंगाचेच द्या.

त्याशिवाय 'फुल गोल्ड' आणि 'पार्टली गोल्ड' असा फरक असतो. पार्टली म्हणजे काही भागावर, समजा चीवराच्या काठावर नाहीतर चेहऱ्यावर सोनं, आणि बाकी तांबं मुद्दाम गडद केलेलं. हे गडद तांबं घासून 'स्वच्छ' करायचं नसतं, तो रंगच तसा दिलेला असतो.

सावधान: पाऱ्याचा मुलामा घरी करून बघण्याचे व्हिडिओ फिरतात. पाऱ्याची वाफ विषारी असते, ती दिसत नाही, वासही येत नाही. घरी कधीच करू नका. आणि मूर्तीवर लायटर धरून 'खरं सोनं आहे का' बघायचा प्रकारही करू नका, चेहऱ्याचा सरस आणि रंग तिथेच जळून जातो.

## टप्पा ३: दुकानातली तपासणी, याच क्रमाने

क्रम महत्त्वाचा आहे, कारण चेहरा आधी बघितला की मन बसतं आणि मग बाकीचे दोष दिसत नाहीत. म्हणून खालून वर आणि मागून पुढे जायचं.

१. मूर्ती उलटी करून मागा. स्वतः करू नका, दुकानदाराला करायला सांगा. तळ उघडा असेल तर आत बघा, लालसर तांबं किंवा पिवळसर पितळ दिसायला हवं, थोडं खडबडीत. या मूर्ती मेणाच्या साच्याने ओततात: आधी मेणाची मूर्ती, त्यावर मातीचे लेप, मग मेण वितळवून बाहेर काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, शेवटी साचा फोडायचा. त्यामुळे आतून गुळगुळीत, पांढरट आणि हलकं काही दिसलं तर ते दुसरंच काहीतरी आहे.

चुंबक घेऊन जाणारे लोक आहेत. तांबं चुंबकाला चिकटत नाही, पण जस्ताची मूर्तीही चिकटत नाही आणि रेझिनची पण नाही. चुंबक चिकटला तर मूर्ती सोडून द्या, नाही चिकटला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, पुढची तपासणी करा.

२. पाठ बघा. घाईत केलेल्या कामात पुढून सुंदर आणि मागून सपाट असा प्रकार असतो. चांगल्या कारागिराने चीवराच्या चुण्या पाठीवरही नेलेल्या असतात, काठाची नक्षी मागे पण तितकीच खोल कोरलेली असते.

३. खाचा बघा. मोबाईलचा टॉर्च लावून काखेत, कमळाच्या पाकळ्यांच्या मध्ये, मानेच्या मागे सोनं पोचलंय का बघा. पातळ प्लेटिंग खोल जागी बऱ्याचदा फिकं पडतं. रंगही बघा: हाताने घासलेल्या मुलाम्यात कुठे चकाकी, कुठे थोडी मंद झळाळी असा फरक असतो, सगळीकडे एकसारखं आरशासारखं चमकत असेल तर प्रश्न विचारा.

४. सांधे बघा. मोठ्या मूर्तीत हात, उष्णीषावरचा (डोक्यावरच्या उंचवट्यावरचा) मणी, आसन वेगळं ओतून जोडतात, त्यात गैर काही नाही. पण जोड हलता कामा नये. मूर्ती काचेवर ठेवून हलक्या हाताने टेकवून बघा, डुगडुगते का. शरीर आणि आसन वेगळे असतील तर एकमेकांत नीट बसतात का ते पण बघा.

५. बोटं. बोटं एकमेकांपासून सुटी आणि नखांपर्यंत घडवलेली असावीत. भूमिस्पर्शात मधलं बोट आसनाकडे सरळ गेलेलं दिसलं पाहिजे. हात कसा जमलाय त्यावरून कारागीर लगेच कळतो.

६. आता चेहरा, आणि तो दाराजवळ, दिवसाच्या उजेडात. दुकानातले पिवळे दिवे सगळं सोनेरी करतात. डोळे एका पातळीत आहेत का, बुबुळं एकाच दिशेला बघतायत का, नाकाची रेघ मधोमध आहे का. मूर्ती तुमच्या बसलेल्या डोळ्यांच्या थोडी वर धरायला सांगा, कारण घरी तुम्हाला ती तशीच दिसणार आहे. अर्धे मिटलेले डोळे खालून बघितल्यावर तुमच्याकडे बघतात असं वाटलं तर काम छान जमलंय.

ऑनलाइन मागवणार असाल तर याच सहा गोष्टींचा सलग, न कापलेला व्हिडिओ दिवसाच्या उजेडात मागा. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

सावधान: तपासताना चेहऱ्याला बोट लावायचं नाही, 'किती मऊ दिसतंय' म्हणून गालावरून हात फिरवला की घामाचा डाग तिथे राहतो.

## टप्पा ४: भाव, बिल आणि कागद

भाव विचारताना पहिला प्रश्न: नेपाळी की भारतीय? तिथे नेपाळी रुपयाला एनसी आणि भारतीयला आयसी म्हणतात. १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी. हे न विचारल्यामुळे भांडणं होतात, दोन्ही बाजू खरं बोलत असूनही.

बिलावर हे सगळं लिहून घ्या: मूर्तीचं नाव, उंची, वजन, धातू, मुलाम्याची पद्धत, आणि ती नवीन बनवलेली हस्तकला आहे हे. नुसतं 'बुद्ध स्टॅच्यू १ नग' असं बिल पुढे कशालाच उपयोगी पडत नाही.

मग प्रमाणपत्र. नेपाळमध्ये १०० वर्षांपेक्षा जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी आहे, आणि नवीन मूर्तीवरही जुन्यासारखी गडद झाक दिलेली असते, त्यामुळे मूर्ती जुनी नाही असा तिथल्या पुरातत्त्व विभागाचा दाखला सोबत असलेला बरा. हे काम बहुतेक दुकानदार किंवा कार्गोवाले करून देतात, पण वेळ लागतो आणि शनिवारी नेपाळात सुट्टी असते, म्हणून परतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मूर्ती घ्यायला जाऊ नका. आपल्याकडच्या कस्टमची सूट आणि ड्युटी बदलत राहते, रस्त्याने आणि विमानाने येणाऱ्यांना नियम वेगळे असू शकतात, निघायच्या आठवड्यात ताजं बघून घ्या.

कोणी 'ही जुनी आहे, मठातली आहे, गुपचूप घेऊन जा' म्हणाला तर तिथून उठा. नेपाळच्या मंदिरांतून आणि विहारांतून कितीतरी मूर्ती चोरीला गेल्यात. खोटी असेल तर पैसे गेले, खरी असेल तर कोणाच्या तरी विहारातली पूजेतली मूर्ती तुम्ही उचलून आणली.

## टप्पा ५: पॅकिंग आणि प्रवास

१. सुट्टे भाग, म्हणजे प्रभावळ, वेगळं आसन, हातातलं पात्र, काढून प्रत्येक वेगळं गुंडाळायचं.

२. अंगाला लागणारा पहिला थर मऊ, न रंगवलेल्या सुती कापडाचा किंवा पांढऱ्या टिश्यूचा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. बबल रॅप थेट अंगाला नको, उन्हात तापलेल्या गाडीत त्याचे गोल ठसे उमटतात.

३. चेहऱ्यासमोर कापडाची सैल घडी ठेवायची, आवळायची नाही.

४. चिकटपट्टी फक्त बाहेरच्या थरावर. मूर्तीला कुठेही नाही.

५. मग फोम, मग कडक खोका, आणि खोका हलवून बघायचा. आत काही सरकलं तर परत भरायचं.

विमानात हातातल्या बॅगेत न्यायचा सगळ्यांचा आग्रह असतो. पण आठ-नऊ इंची तांब्याची मूर्तीसुद्धा साधारण दोन-तीन किलोची होते, आणि जड, टोकदार धातूची वस्तू सुरक्षा तपासणीत अडवली जाऊ शकते. अडवली की तिथे गर्दीत उघडावी लागते, ट्रेमध्ये उलटी ठेवली जाते आणि सगळं पॅकिंग वाया. एअरलाइनला आधी विचारा, आणि चेक-इनला टाकता येईल असंच पॅकिंग करून ठेवा. सोनौलीवरून बसने आणि पुढे गोरखपूरवरून रेल्वेने येणाऱ्यांनी खोका सीटखाली उभाच ठेवायचा, वर दुसऱ्या बॅगा नाहीत.

तपासा: पॅक करायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले का? घरी पोचल्यावर एखादा ओरखडा नवा की जुना, हे त्याशिवाय कळत नाही.

## टप्पा ६: घरी आल्यावर पहिले दोन दिवस

खोका लगेच फोडू नका, विशेषतः पावसाळ्यात किंवा थंड प्रदेशातून मुंबई-कोकणात आलात तर. थंड धातूवर दमट हवेचं पाणी धरतं. खोका बंदच ठेवून एक दिवस खोलीत राहू द्या, मग उघडा.

उचलायची पद्धत घरातल्या सगळ्यांना दाखवा: एक हात तळाखाली, दुसरा पाठीला. हात, खांदा, डोकं, प्रभावळ धरून उचलायचं नाही. सुती हातमोजे घालायचे, नसतील तर मधे स्वच्छ सुती रुमाल. घामातलं मीठ मुलाम्याच्या बारीक छिद्रांतून खालच्या तांब्यापर्यंत जातं आणि काही महिन्यांनी अगदी बोटाच्या ठशाच्या आकारात काळं उमटतं.

आता तळाचं काय करायचं. तिबेटी परंपरेत मूर्तीच्या पोकळीत मंत्रांच्या गुंडाळ्या, सुगंधी लाकूड, मधोमध एक काठी असं भरून तळ तांब्याच्या पत्र्याने बंद करतात, त्यावर विश्ववज्र (फुलीसारखी जोडलेली दोन वज्रं) कोरलेलं असतं, आणि मग प्रतिष्ठा होते. हे काम लामांकडूनच करून घ्यायचं, यूट्यूब बघून नाही. आधीच बंद केलेला तळ कुतूहलाने उघडायचा पण नाही.

आपल्याकडे बहुतेक घरांत भरण्याची पद्धत नाही आणि त्याची गरजही नाही. भंतेजींना किंवा बौद्धाचार्यांना बोलवून वंदना, परित्राणपाठ घेतात, तेवढं पुरे. पण उघडा तळ तसाच सोडू नका, आत झुरळं आणि दमट हवा जाते. दुकानातूनच तांब्याचा पत्रा बसवून आणा, नाहीतर घरी आत सिलिका जेलची एक पुडी सैल ठेवून खाली सुती कापडाची जाड घडी घाला. पुडी दर पावसाळ्याआधी बदला.

सावधान: पहिल्या दिवशी दुधाने, पाण्याने किंवा चंदनाने अभिषेक करायचा हट्ट घरातली वडीलधारी करतात. प्रेमाने समजावून सांगा. चेहरा रंगवलेला आहे, पाणी पडलं तर डोळे वाहून जातील.

## टप्पा ७: जागा आणि रोजची वंदना

जागा निवडताना आधी काय टाळायचं ते बघा. स्वयंपाकघर नको, फोडणीचा धूर आणि तेल हवेतून येऊन मूर्तीवर बसतं आणि त्यावर धूळ चिकटते. बाथरूमच्या पलीकडची भिंत नको, ती आतून ओली असते. खिडकीसमोर थेट ऊन नको, सोन्याला काही होत नाही पण निळे केस आणि ओठांचा रंग उडतो. समुद्राजवळ राहत असाल तर खारा वारा थेट येतो ती बाजू सोडा आणि काचेची पेटी करून घ्या, तिला मागे दोन-चार बारीक भोकं ठेवा.

नवीन प्लायवूडचं मंदिर केलं असेल तर गोंद आणि पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत ते रिकामं, उघडं ठेवा. त्या वाफा धातूला चांगल्या नाहीत. आणि मूर्तीखाली रबर किंवा लोकरीचं फेल्ट घालू नका, दोन्हींत गंधक असतं आणि तांबं काळं पडतं. सुती कापड सगळ्यात सुरक्षित.

उंची अशी ठेवा की बसल्यावर बुद्धांचा चेहरा तुमच्या डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडा वर येईल. फळीच्या पुढच्या कडेला अर्ध्या इंचाची लाकडी पट्टी ठोकून घ्या, घरात लहान मुलं किंवा मांजर असेल तर नक्कीच.

आता मेणबत्ती आणि अगरबत्ती. वंदनेत दोन्ही लागतात आणि मूर्तीचं सगळ्यात जास्त नुकसान पण दोन्हींनीच होतं. मेणबत्ती मूर्तीपासून निदान दोन फूट पुढे आणि खालच्या पातळीवर. बंद कपाटात ती कधीच पेटवायची नाही, काजळी वरून परत खाली बसते आणि आगीचा धोका वेगळाच. अगरबत्ती बाजूला, वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन, धूर चेहऱ्यावर जाणार नाही अशी. धुरात तेलकट अंश असतो, तो सोन्यावर तपकिरी थर करतो. वंदना झाली की खिडकी उघडा.

फुलं समोर तबकात वाहायची, मांडीवर किंवा पायावर नाही. ओल्या देठातून पाणी आणि चीक येतो, आणि झेंडूचा डाग तर लवकर निघत नाही. हार घालायचाच असेल तर प्रभावळीच्या मागच्या खिळ्याला किंवा चौकटीला घाला. जरीचा कृत्रिम हार तर अजिबात नको, तार सारखी घासत राहते.

तपासा: एक पांढरा कागद मूर्तीच्या मागे आठवडाभर ठेवा. पिवळा-काळपट झाला तर धूर तिथपर्यंत पोचतोय, अंतर वाढवा.

## टप्पा ८: साफसफाई

पूर्ण लेखातला हा टप्पा घरात वाचून दाखवावा असा आहे. पहिलं वाक्य हे: सोनं काळं पडत नाही, त्यामुळे मुलाम्याला कधीच पॉलिश लागत नाही. जे काळं दिसतं ते एकतर वर बसलेली घाण असते नाहीतर खालून आलेलं तांबं. पॉलिश केल्यावर मूर्ती 'चमकली' असं वाटतं कारण वरचं सगळं, सोन्यासकट, घासून निघालेलं असतं.

कधीच न वापरायच्या गोष्टी: पितांबरी आणि तशा सगळ्या पावडरी (त्या उघड्या तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आहेत, तिथे छान काम करतात), ब्रासो, चिंच, लिंबू, व्हिनेगर, राख, रांगोळी, टूथपेस्ट, भांड्याचा साबण, खोबरेल तेल, ओले वाइप्स, मायक्रोफायबरचं फडकं.

मायक्रोफायबर का नको असं बरेच जण विचारतात. धुळीत वाळूचे बारीक कण असतात, कुठलंही फडकं ते कण सोन्यावर दाबून ओढतं. म्हणून फडकं नाही, ब्रश.

दर पंधरा दिवसांनी:

१. मऊ केसांचे दोन नवीन ब्रश घ्या, एक चेहऱ्याचा, एक अंगाचा. मेकअपचा मोठा मऊ ब्रश चालतो, पण नवीन, पावडर न लागलेला. ब्रशच्या धातूच्या पट्टीवर कापडी टेप गुंडाळा, नाहीतर तीच पट्टी ओरखडे काढते.

२. आधी कॅमेऱ्याचा हाताने दाबायचा रबरी ब्लोअर वापरून खाचांतली धूळ उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. हेअर ड्रायर नको.

३. ब्रश वरून खाली, हलका, नुसता टेकवत. चेहऱ्यावर तर केसांच्या टोकांनीच.

४. खाली पडलेली धूळ लगेच पुसून घ्या, म्हणजे ती परत उडणार नाही.

एवढंच. बहुतेक मूर्तींना आयुष्यभर यापेक्षा जास्त लागत नाही.

तेलकट थर बसलाच असेल तर, वर्षातून फार तर एकदा, आणि फक्त आगीचा मुलामा असलेल्या अंगावर: डिस्टिल्ड वॉटर घ्या, इन्व्हर्टरच्या दुकानात मिळतं, पण तिथेच बॅटरीचं ॲसिडही तशाच कॅनमध्ये असतं, लेबल दोनदा वाचा. कापसाची काडी त्यात बुडवून टिश्यूवर टिपून घ्या, नुसती दमट राहिली पाहिजे. आधी पाठीला खाली एका टिकलीएवढ्या जागेवर लावून बघा. काडीवर राखाडी-तपकिरी आलं तर ती घाण आहे, पुढे जा. सोनेरी किंवा लालसर आलं तर तिथेच थांबा, म्हणजे तो रंग आहे किंवा थंड सोनं आहे. काडी घासायची नाही, एकदा फिरवत न्यायची आणि बदलायची. लगेच कोरड्या काडीने टिपायचं.

चेहरा, केस, डोळे, ओठ आणि पिरोजा-पोवळ्याचे खडे, यांना ओलं काहीही नाही. खडे पाणी शोषतात आणि ते बसवलेला चिकट पदार्थ पण सैल होतो. स्पिरिट किंवा सॅनिटायझर तर कुठेच नको, लॅकर असेल तर पांढरे डाग पडतात.

मेण सांडलं असेल तर ते पूर्ण गार होऊ द्या, लाकडी टूथपिकने हळूच उचला, सुटेल तेवढंच काढा. राहिलेला पापुद्रा राहू द्या, नखाने खरवडू नका. चेहऱ्यावरचं मेण स्वतः काढायचंच नाही.

## टप्पा ९: डाग दिसले तर काय समजायचं

गुडघा, नाक, बोटांच्या टोकाला तांबडं दिसतंय: सोनं झिजलंय. कारण शोधा (कोणीतरी रोज हात लावतंय किंवा पुसतंय) आणि ते थांबवा. सोनेरी रंग मारू नका, तो वर्षात तपकिरी होतो आणि नंतर काढताना शेजारचं सोनं पण घेऊन जातो.

काळपट बारीक ठिपके: मुलाम्यातल्या छिद्रांतून वर आलेलं तांबं. वाढत नसतील तर तसेच राहू द्या.

फिकट हिरवी, पुडीसारखी, हाताला लागणारी भुकटी: याकडे लगेच लक्ष द्या. खाऱ्या दमट हवेत तांब्याला हे होतं आणि ते पसरत जातं. मास्क लावून कोरड्या ब्रशने भुकटी झाडा, मूर्ती कोरड्या बंद डब्यात भरपूर सिलिका जेलसोबत ठेवा आणि धातूच्या वस्तूंवर काम करणाऱ्या संवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, विचारायला सुरुवात तिथून करता येईल. भुकटीवर पाणी किंवा लिंबू लावलं तर दोन दिवस बरं दिसतं आणि मग दुप्पट वाढतं.

सराफाकडे नेऊन 'सोन्याचं पाणी' देऊन आणू का, असं विचारतात. नको. प्लेटिंगआधी मूर्ती ॲसिडमध्ये साफ करतात, रसायनाच्या टाकीत बुडवतात, त्यात चेहरा पूर्ण जातो आणि पोकळीत शिरलेलं रसायन पुढे वर्षानुवर्षं आतून खात राहतं. पाटणला नव्याने मुलामा देऊन मिळतो, पण त्यासाठीही सगळं जुनं साफ करून, मूर्ती तापवून, चेहरा परत रंगवावा लागतो, म्हणजे तुमच्या ओळखीचा चेहरा राहत नाही. आतमध्ये मंत्र भरून प्रतिष्ठा केलेली असेल तर आधी तळ उघडावा लागतो, तेव्हा ज्यांनी प्रतिष्ठा केली त्या लामांना विचारल्याशिवाय मूर्ती पाठवू नका.

वर्षातून एकदा, बुद्धपौर्णिमेच्या आधी म्हणा, त्याच जागी, त्याच उजेडात मूर्तीचे सहा फोटो काढा: समोर, पाठ, दोन्ही बाजू, चेहरा जवळून, तळ. बिल आणि दाखल्याच्या फोटोसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवा, मागच्या वर्षीच्या फोटोशी मोठे करून ताडून बघा, आणि काही बदललेलं दिसलं तर संवर्धकाकडे जाताना दोन्ही वर्षांचे फोटो घेऊन जा.